शंभराव्या नंबरचा खेळाडू

मामा गिरणगावात वाढले, कबड्डीच्या जोरावर बँकेत लागले आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर पोरापोरींना शिकवतात. त्यांची भाची खेळांच्या प्रक्षेपणात जाहिरातींची वेळ विकणाऱ्या कंपनीत आहे. दोघांचाही खेळावर जीव आहे, पण पैशाचा विषय निघाला की दोघांचं जमत नाही. त्यांचं बोलणं मी बरेचदा ऐकलंय. एकाचीच बाजू घेऊन लिहिलं असतं तर लेख अर्धाच झाला असता, म्हणून दोघांनाही बोलू देतो.

वाद पेटला तो २०२४ च्या दोन लिलावांवरून. ऑक्टोबरमध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, नोव्हेंबरमध्ये जेद्दाहला आयपीएलचा.

मामा : ऋषभ पंतला लखनौनं २७ कोटी दिले. देऊ देत. एवढ्या मोठ्या अपघातातून उठून परत यष्टींमागे उभा राहिलेला पोरगा आहे, त्याच्या कष्टाबद्दल मी एक शब्द काढणार नाही. पण हरमनप्रीत सिंग? पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ आणलं त्या संघाचा कर्णधार, स्पर्धेत १० गोल, सगळ्यांत जास्त. त्याला ७८ लाख. आणि हॉकीच्या लिलावातली ती सगळ्यांत मोठी बोली! एकाच देशातले दोघं, दोघंही देशासाठी खेळणारे, आणि फरक जवळजवळ पस्तीस पट. हॉकीवाल्याचा घाम पातळ असतो का?

भाची : मामा, घामाला भाव कधीच नव्हता. भाव बघणाऱ्याच्या वेळेला आहे. आयपीएल दाखवायचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०. म्हणजे एका सामन्यामागे ११८ कोटी, तेही नाणेफेक व्हायच्या आधी. तिथून पंतचे २७ कोटी येतात. हॉकीत तेवढं येतच नाही, मग जाणार कुठून?

मामा : येत नाही, कारण कुणी आणत नाही.

भाची : थोडं तसंही आहे, पण सगळं तसं नाही. मी रोज हे विकते म्हणून सांगते. क्रिकेट दर सहा चेंडूंनी थांबतं. वीस-वीस षटकांचा सामना म्हणजे षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात, वर अडीच मिनिटांचे टाइमआउट. खेळाचा जराही खोळंबा न करता मी तिथं सिमेंट, गाडी, विमा सगळं विकू शकते. हॉकीचं पंधरा मिनिटांचं सत्र सुरू झालं की मला शिरायला जागा नाही. बघणारा खिळून बसतो, हे हॉकीचं मोठेपण आहे आणि तिथंच तिची कमाई बुडते. शिवाय आयपीएल दोन महिने रोज, ठरलेल्या वेळेला. लोकांच्या जेवणाची वेळ तिनं धरली आहे.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. खेळाच्या कमाईबद्दल बोलताना आपण कौशल्य आणि कष्ट यांची तुलना करत बसतो. खेळाची घडण विकायला किती सोपी आहे, ही गोष्ट बाजूला राहते. ती खेळाडूच्या हातात नसते. भालाफेक दीड तासाची असते आणि प्रत्येक फेक काही सेकंदांची. नीरज चोप्रा कितीही लांब फेकू दे, रोज संध्याकाळी साडेसातला तो फेकू शकत नाही.

मामा : बरं, घडण म्हणतेस, तर कबड्डीचं बोल. चाळीस मिनिटांचा खेळ, तोच आम्ही मातीत खेळायचो, तोच आता मॅटवर. खेळ तोच ना? आमच्या वेळी परळ, नायगाव, प्रभादेवीला मैदान भरून माणसं उभी असायची, गॅलऱ्यांतून बायका-पोरं बघायची. टीव्हीवर कुणी दाखवत नव्हतं. २०१४ ला एका वाहिनीनं मनावर घेतलं आणि प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात ४३ कोटींवर लोकांनी कबड्डी बघितली म्हणे. ते लोक काय त्या वर्षी जन्माला आले?

भाची : नाही. पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार, ती सर्वांत वरची बोली. २०२३ ला पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख. नऊ वर्षांत वीस पट. सरकारनं दिले का? फेडरेशननं दिले? बाजारानं दिले.

मामा : बाजारानं नाही, कुणीतरी ठरवलं म्हणून मिळाले! मॅट टाकली, दिवे लावले, तीस सेकंदांच्या चढाईचं घड्याळ पडद्यावर आणलं, चढाईपटूच्या घरी जाऊन त्याची आई दाखवली. पैसे ओतले, वाट बघितली. प्रेक्षक घडवावा लागतो, पोरी. आणि तसं असेल तर तूच सांग, पोरींच्या कबड्डीवर तेवढे पैसे का ओतले नाहीत? २०१६ ला तीन संघांची स्पर्धा करून बघितली, ती पुढं टिकली नाही. हांगझोला आशियाई सुवर्ण त्यांनी आणलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषक त्यांनी जिंकला. माझ्याकडे येणाऱ्या पोरीला मी काय सांगू? डावा कोपरा सांभाळ, कमाईचं नंतर बघू?

इथं भाची थोडा वेळ गप्प होती. मग तिनं जे सांगितलं त्यानं मामांचीच बाजू भक्कम झाली, आणि ते तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं.

भाची : तुला एक हिशेब सांगते. महिलांच्या प्रीमियर लीगचे हक्क जानेवारी २०२३ मध्ये विकले गेले. ९५१ कोटी, पाच वर्षांचे. तेव्हा एकही चेंडू पडला नव्हता, संघांना खेळाडू मिळाल्या नव्हत्या. सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली ती पुढच्या महिन्यात. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये बोर्डानं मॅच फी सारखी केली. कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३, बाई असो की पुरुष. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नव्या मुंबईत डी. वाय. पाटीलवर काय झालं ते तू बघितलंस.

मामा : बघितलं. रडलो मी.

भाची : पैसा आधी आला, पोरींनी विश्वचषक जिंकला तो नंतर. हे मी मान्य करते. पण पैसा आला तो पुरुषांच्या क्रिकेटनं बांधलेल्या घरात. तीच मैदानं, तोच बोर्ड, तेच विकणारे. आणि तिथंही सगळं सारखं नाही. वार्षिक करारात पुरुषांच्या अ श्रेणीला ५ कोटी ठरलेले असताना महिलांच्या अ श्रेणीला ५० लाख होते.

मामा : म्हणजे दहा पट.

भाची : दहा पट. आता मी तुला अशी गोष्ट सांगते की तुला माझा राग येणार नाही. आयपीएलच्या खेळाडूंना खरं तर कमी मिळतं.

मामा : सत्तावीस कोटी कमी?

भाची : एकाचं सोड, सगळ्यांचं मिळून बघ. फक्त प्रक्षेपण हक्कांतून वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ ला एका संघाला खेळाडूंवर लिलावाची रक्कम, मॅच फी, कामगिरीचे पैसे असं सगळं धरून १४६ कोटींची मर्यादा. दहा संघांचे झाले १,४६०. म्हणजे साधारण पंधरा टक्के. तिकिटं, नाव देणारे प्रायोजक, जर्सीवरच्या जाहिराती मी धरल्याच नाहीत. अमेरिकेत एनबीएच्या बास्केटबॉलमध्ये खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा असतो. लेखी करार असतो तसा.

मामा : निम्मा? मालक देतात कसा?

भाची : संघटना आहे. १९५४ पासून.

मामांचे वडील गिरणीत होते आणि १९८२ चा संप त्या घरानं सोसला आहे. संघटना म्हटल्यावर ते सरसावून बसले. भाचीनं मग त्यांना १९६४ च्या बोस्टनची गोष्ट सांगितली. एनबीएचा ऑल-स्टार सामना त्या वर्षी प्रथमच संध्याकाळच्या मुख्य वेळेत टीव्हीवर जाणार होता. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. पेन्शनचं वचन मिळाल्याशिवाय बाहेर येणार नाही, म्हणाले. त्यात बिल रसेल होता, जेरी वेस्ट होता, म्हणजे ज्यांना स्वतःची फारशी चिंता नव्हती असे. कॅमेरे तयार, प्रेक्षक तयार, आणि वेळ निघून चाललेली. लीगच्या प्रमुखांना शब्द द्यावा लागला, मग खेळाडू मैदानात उतरले. आजच्या निम्म्या वाट्यापर्यंतची वाट तिथून सुरू होते.

मामा : हे खरं! वरचा माणूस खालच्यासाठी बसून राहिला. आपल्याकडे खेळणाऱ्या क्रिकेटवाल्यांची आहे का अशी संघटना?

भाची : निवृत्तांची आहे, २०१९ पासून. खेळत असलेल्यांची नाही. कबड्डीतही नाही.

मामा : मग तुझा बाजार एकाच बाजूनं बोलतो. विकणारा एकत्र, विकला जाणारा एकटा.

या एका वाक्यात मामांनी जे पकडलं ते मला भाचीच्या सगळ्या आकड्यांच्या तोडीचं वाटतं. मात्र पुढं त्यांनी जो रस्ता धरला तो तिला अजिबात पटला नाही.

मामा : म्हणून म्हणतो, आमची पद्धत बरी होती. बँका, रेल्वे, पोलीस, बेस्ट, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, सगळ्यांचे संघ होते. व्यावसायिक गटाच्या स्पर्धा असायच्या. चांगला खेळलास की नोकरी. माझा गुडघा गेला, सहा महिने पलंगावर होतो. पगार एक तारखेला जमा. पुढं खेळ थांबला तरी पगार चालू होता, आता पेन्शन आहे. तुमच्या लीगमध्ये गुडघा गेला तर पुढच्या हंगामात नाव घेणारा कुणी नसतो.

भाची : पण मामा, तुला पगार मिळाला तो कारकुनाचा. तू महाराष्ट्राकडून खेळत होतास तरी तुझ्या हुद्द्यावर कारकूनच लिहिलं होतं. सकाळी सराव, दुपारी खातेवह्या, संध्याकाळी सामना. लोक तुला बघायला यायचे, आणि त्या बघण्याचा एक रुपया तुला कधी मिळाला का?

मामा : नाही मिळाला. पण माझ्याबरोबरचे जे पंधरा-वीस जण होते, त्यातला एकही रस्त्यावर आला नाही. तू पहिल्या नंबरच्या माणसाचे आकडे सांगतेस. मला शंभराव्याचे सांग. प्रत्येक खेळातला शंभरावा.

माझ्या मते या सगळ्या वादातला खरा प्रश्न हा आहे. वर्तमानपत्रात येतो तो सगळ्यांत महागडा खेळाडू, आणि आईबाप मुलाला खेळात घालताना त्याच्याकडे बघतात. मुलगा मात्र, नशिबानं चांगलं झालं तर, शंभरावा-दोनशेवा होणार असतो. भाचीनं तिथंच हिशेब मांडला, आणि तो मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो.

भाची : क्रिकेटपासून धर. रणजीत ज्याचे वीसपर्यंतच सामने झालेत, आयपीएलमध्ये ज्याचं नावही निघालं नाही, त्याला दिवसाला ४० हजार. चाळीसवर सामने झालेल्याला ६० हजार. चार दिवसांचा सामना, वरच्या गटात साखळीचे सात सामने. म्हणजे सगळे खेळला तर तिथल्या नवख्यालाही एका हंगामात ११ लाखांवर. संघ ३८. क्रिकेटचा शंभरावाच काय, तीनशेवाही घर चालवतो. ठरावीक सामने झालेल्या जुन्या प्रथम श्रेणी खेळाडूंना बोर्डाकडून महिना ३० हजारांपासून पेन्शन आहे.

टेनिसमध्ये शंभरावा बरा आहे. २०२५ च्या विम्बल्डनला पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार पौंड होते. पण दीडशेच्या खाली उतरलास की विमान, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, सगळं खिशातून. सुमित नागल २०२३ मध्ये देशातला एक नंबर होता, तेव्हा त्यानं सांगितलं होतं, खात्यात ९०० युरो आहेत. त्यानंतर चारच महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनला त्यानं मानांकित खेळाडू हरवला. ते चार महिने त्यानं काढले म्हणून. किती जणांना काढता येत नाहीत ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

मामा : कबड्डी?

भाची : प्रो कबड्डीत बारा संघ. अलीकडच्या लिलावांत सर्वांत खालच्या श्रेणीची मूळ किंमत ९ लाख. म्हणजे शंभरावा बरा, दोनशेवाही बरा. पण त्या यादीबाहेर पाऊल पडलं की एकदम शून्य. गावोगावच्या स्पर्धांतलं रोख बक्षीस सात-आठ जणांत वाटून घ्यायचं, बस. आता बुद्धिबळ बघ. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला महिला विश्वचषक जिंकला, पहिलं बक्षीस ५० हजार डॉलर. जगात पहिली आली तर एवढं. शंभरावीचं तूच समज.

मामा : आणि कुस्ती?

भाची : कुस्तीचं तू सांग. मला आकडे सापडत नाहीत, तिथं सगळं रोखीत आणि तोंडी असतं.

मामा : माझा मावसभाऊ कोल्हापुरात तालमीत होता, म्हणून पाहिलंय. पहाटे चारला जोर सुरू. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, फळं, मटण, आणि हे रोज. थोरल्या भावानं शेतात राबायचं आणि धाकट्यानं खायचं, असा घराचा करार. मग जत्रेचा हंगाम. पंच कमिटी जोड ठरवते, हलगी कडाडते, निकाली कुस्ती झाली तर इनाम हातात. पहिल्या नंबरची कुस्ती लाखांत जाते, चितपट मारली तर गावकरी अंगावर नोटा टाकतात. पण खांदा निखळला तर तो हंगाम गेला, आणि खुराक थांबवता येत नाही. महाराष्ट्र केसरीला गदा मिळते, आता गाडीही मिळते. त्याच गटात पहिल्या दिवशी पडलेला पोरगा एसटीनं गावी जातो. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. १९५२ साल. आज घर कोण गहाण टाकतं? पोराचा बापच!

भाची : तिथं माझा बाजार कमी पडतो, हे मी कबूल करते.

मामा : आणि सरकार कुठं असतं? टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला म्हणून जुलै २०२४ ला विधानभवनात सत्कार केला आणि संघाला ११ कोटी जाहीर केले. ज्यांना बोर्डानं आधीच १२५ कोटी दिले होते त्यांना! पुढच्याच महिन्याच्या एक तारखेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ऑलिंपिक ब्राँझ घेतलं. खाशाबांनंतर वैयक्तिक पदक आणणारा महाराष्ट्राचा पहिला. त्याला आधी एक कोटी जाहीर केले, मग दोन. वडिलांनी नाराजी बोलून दाखवली तर लोक त्यांनाच बोलले.

भाची : हा पैसा बाजाराचा नव्हता, आपला होता. इथं ‘बघणारे जास्त’ हे कारण चालतच नाही. जिथं बघणारे कमी, तिथंच सरकारनं जायचं असतं. त्यांनी बक्षिसांच्या रकमा वाढवल्या, हे खरं. दिव्याला तीन कोटी दिले, खो-खोच्या विश्वविजेत्या संघांतल्या आपल्या राज्याच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी. पण माझी तक्रार वेगळी आहे. स्वप्नील २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक आलं २०२४ ला. मधली नऊ वर्षं त्याला रेल्वेच्या पगारानं तारलं. कोटी आले ते पदकानंतर, गरज होती ती आधी.

मामा : म्हणजे नोकरीनंच तारलं! मी तेच म्हणतोय मघापासून.

भाची : त्याला तारलं. पण अशी नोकरी किती जणांना मिळते? सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यातही खोटी प्रमाणपत्रं निघाली. मला नोकरी नको, हक्क हवा. प्रत्येक लीगच्या प्रक्षेपण हक्कांतला ठरलेला टक्का विम्याला आणि पेन्शनला. यादीतल्या शेवटच्या खेळाडूपर्यंत.

मामा : आणि लीग बंद पडली तर? २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलच्या आयएसएलचा हंगाम स्थगित झाला, हक्कांचा करार संपत आला म्हणून. काही क्लबांनी पगार थांबवले. चांगली चालू लीग होती ती. तुझा टक्का शून्याचा शून्यच राहणार. सरकारी पगार शून्य होत नाही.

मला दोघांचंही पटतं, आणि दोघांपैकी कुणाचंच पुरं पडत नाही. लीगचा टक्का कबड्डीच्या खेळाडूला उपयोगाचा, पण स्टीपलचेसमधल्या अविनाश साबळेच्या मागून धावणाऱ्या बीडच्या पोराला तो कुठून मिळणार? तिथं लष्कर, रेल्वे, पोलीसच लागतात. साबळे स्वतः सैन्यातूनच पुढं आला.

मग भाचीनं विषय एकदम मामांच्या मैदानावर आणला.

भाची : तुझ्या मंडळाच्या स्पर्धेत मुलांचं जे पहिलं बक्षीस असतं, त्याच्या निम्मंही मुलींना नसतं. का?

मामा : वर्गणी तेवढीच जमते. मुलींच्या सामन्यांना गर्दी कमी, म्हणून जाहिरातदार… (इथं मामा थांबले.)

भाची : बोल ना. बघणारे कमी, म्हणून पैसे कमी. मघाशी हे मी म्हटलं तेव्हा तुला राग आला होता.

मामा : आला होता. आणि आता मला माझाच येतोय. थांब, हिशेब करू. पाहुण्यांच्या शाली आणि सन्मानचिन्हं बंद. स्टेजचा मंडप अर्धा करायचा. मुलींचा अंतिम सामना शेवटी ठेवायचा, मुलांचा त्याच्या आधी, म्हणजे गर्दी थांबेल. तरी थोडे कमी पडतील.

भाची : ते मी आणते. नाक्यावरचा दुधाचा मोठा व्यापारी माझ्या ओळखीचा आहे. मुलींच्या जर्सीवर त्याचं नाव घालू देशील?

मामा : घालू देईन. पण त्याच्याकडून जे येतील त्यातले निम्मे बक्षिसात नाही धरायचे. खेळणाऱ्या प्रत्येक पोरीला हातात द्यायचे, हरलेल्या संघालाही. लिहून घे तसं त्याच्याकडून.

भाची : निम्मे जास्त होतात, मामा. तो चाळीस टक्क्यांना तयार होईल.

मामा : मग पोरी जर्सी घालणार नाहीत. सांग त्याला.